दोघंही बरोबर, तरी कोड चुकला : मर्ज करताना हरवलेल्या तीन ओळींची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. कंसातली वेळ मिनिट आणि सेकंदात.)

[००:००]

 

आजचा भाग ऐकताना तुमचा फोन खिशात असेल, कानात इअरफोन असतील. फोन अँड्रॉइड असेल तर एक गंमत सांगते. माझा आवाज तुमच्यापर्यंत छोट्या छोट्या पॅकेटांमधून येतोय. ती पॅकेटं मोजायची, क्रमानं लावायची, हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवायचं, हे सगळं काम तुमच्या फोनमध्ये लिनक्स कर्नलचा नेटवर्किंग कोड करतोय. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. आणि हा कोड कुठल्या एका कंपनीचा नाही. जगभरातले हजारो लोक तो एकाच वेळी बदलत असतात.

"एकाच वेळी" हे दोन शब्द आजचा विषय आहेत. दोन माणसं, दोन ठिकाणी, एकच कोड बदलतात. दोघांचेही बदल बरोबर असतात. मग ते एकत्र कसे करायचे? यालाच मर्ज म्हणतात. बटण दाबलं की झालं, असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. मग एका रविवारी रात्री मी एक मर्ज केला आणि एका मुलाचं काम माझ्या हातून पुसलं गेलं. ते त्याला कळायच्या आधी मला कळायला हवं होतं. पण झालं उलटंच.

ती गोष्ट सांगणारच आहे. आधी मर्ज म्हणजे नेमकं काय ते बघू.

[०१:४०] लग्नाची यादी

घरात लग्न आहे असं समजा. किराण्याची एक यादी झाली. तांदूळ ५० किलो, तूरडाळ १५ किलो, साखर २५ किलो, तेल ३ डबे. तिच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक आईकडे, एक काकांकडे. दोघांनी आपापल्या कागदावर खाडाखोड केली आणि संध्याकाळी दोन्ही कागद तुमच्या हातात दिले. आता दुकानात तुम्हाला जायचंय.

आईच्या कागदावर तेल ४ डबे. काकांच्या कागदावर ३ डबे. कोणाचं खरं?

फक्त हे दोन कागद बघून सांगताच येणार नाही. आईनं एक डबा वाढवला की काकांनी एक कमी केला? हे कळायला मूळ यादी लागते. मूळ यादीत ३ आहेत. म्हणजे काकांनी तेलाला हातच लावला नाही, आईनं मुद्दाम वाढवलं. मग ४ घ्यायचे. डाळ मूळ यादीत १५, आईकडे १५, काकांकडे २०. म्हणजे काकांनी वाढवली, २० घ्यायची. भांडण नाही, फोन नाही.

आता साखर. मुळात २५. आईनं ३० केली, काकांनी २०. इथे कुठलाही नियम चालत नाही. दोघांना विचारावंच लागतं.

बस, गिट हेच करतं. दोन फांद्या आणि त्या दोघी जिथून फुटल्या ती मूळ जागा, असे तीन कागद शेजारी ठेवतं. म्हणून याला थ्री-वे मर्ज म्हणतात. एकाच बाजूनं बदल असेल तर तो घेतो. दोन्ही बाजूंनी सारखाच बदल असेल तरी घेतो. दोन्ही बाजूंनी वेगवेगळा असेल तर हात वर करतो आणि फाइलमध्ये त्या बाणांच्या खुणा टाकून देतो. तोच तो कॉन्फ्लिक्ट, जो बघून आपल्या पोटात गोळा येतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गिट नेहमीच्या पद्धतीनं कॉन्फ्लिक्ट दाखवतं तेव्हा "आमचं" आणि "त्यांचं" असे दोनच कागद दाखवतं. मूळ यादी दाखवतच नाही! ती हवी असेल तर सेटिंगमध्ये कॉन्फ्लिक्टची स्टाइल डिफ-थ्री अशी करून घ्यावी लागते. हे मला फार उशिरा कळलं.

[०४:१०] कर्नलवाल्यांचं दर गुरुवारचं काम

आता मोठ्या घरातलं लग्न बघू. लिनक्स कर्नलमध्ये आज तीन कोटींपेक्षा जास्त ओळी आहेत. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. गिट मुळात याच कामासाठी जन्माला आलं. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं ते लिहायला घेतलं, कारण आधी वापरत असलेलं बिटकीपर नावाचं साधन त्यांना फुकट मिळणं बंद झालं होतं.

कर्नलच्या नेटवर्किंग विभागात दोन मुख्य झाडं आहेत. एकाचं नाव "नेट", दुसऱ्याचं "नेट-नेक्स्ट".

"नेट" मध्ये फक्त दुरुस्त्या जातात. लोकांच्या हातात असलेल्या कोडमध्ये बग सापडला, सुरक्षेचं भोक सापडलं, तर त्याचा पॅच इथे. "नेट-नेक्स्ट" मध्ये नवं काम जातं. नवा ड्रायव्हर, नवी सोय, जुन्या कोडची साफसफाई. म्हणून पॅच पाठवतानाच विषयाच्या ओळीत लिहायचं असतं की हा कुठल्या झाडासाठी आहे.

दोन झाडं का? कारण दोघांची घाई वेगळी आहे. दुरुस्ती लवकर पोचायला हवी. ती मुख्य कर्नलमध्ये गेली की तिथून जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये जाते आणि पुढे फिरत फिरत तुमच्या फोनच्या सिक्युरिटी अपडेटमध्येही येऊ शकते. नव्या कामाला मात्र थांबायला वेळ असतो, त्याला शिजू द्यायचं असतं. पूर्वी अनेक वर्षं हे सगळं मुख्यतः डेव्हिड मिलर बघायचे. पुढे याकुब किचिन्स्की, पाओलो अबेनी, एरिक ड्युमाझे अशी मंडळी त्यात आली.

नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो उघडते. त्या काळात लिनस सगळ्यांचं नवं काम आत घेतो. तेव्हा नेट-नेक्स्ट बंद असतं, नवे पॅच घेत नाहीत. त्यासाठी त्यांच्याकडे एक पान आहे, त्यावर दुकानाच्या दारावर असते तशी "उघडं आहे" किंवा "बंद आहे" अशी पाटी लावलेली असते. मला ती फार आवडते. पाटी बघायची, बंद असेल तर पॅच घरीच ठेवायचा. त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती येते. अशा बहुतेक वेळा सात, कधी आठ झाल्या की पक्की आवृत्ती.

आता मुद्दा असा, की ही दोन झाडं समांतर वाढत असतात. एकाच ड्रायव्हरच्या एकाच फंक्शनमध्ये इकडे कोणीतरी बग दुरुस्त करतंय आणि तिकडे कोणीतरी तेच फंक्शन नव्यानं लिहितंय. महिनाभर दोघांना एकमेकांपासून दूर ठेवलं तर शेवटी गुंता सुटणारच नाही.

म्हणून ते काय करतात? दर आठवड्याला, साधारण गुरुवारी, "नेट" मधल्या दुरुस्त्या लिनसकडे पाठवतात. त्यानं घेतल्या की "नेट" लगेच "नेट-नेक्स्ट" मध्ये मर्ज करतात. याला ते क्रॉस-मर्ज म्हणतात. दर आठवड्याचं काम. केर रोज काढला तर पाच मिनिटं लागतात, दिवाळीपर्यंत साठवला तर कंबर मोडते. तसंच.

त्या मर्जबरोबरचा संदेश एकदा तरी उघडून वाचा. "मर्ज केला" एवढं लिहून ते थांबत नाहीत. कुठल्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला, इकडचा कमिट कुठला, तिकडचा कुठला, हे सगळं नाव घालून लिहिलेलं असतं. इतकंच नाही, जिथे कॉन्फ्लिक्ट आला नाही पण दोन बदल अगदी शेजारी शेजारी पडले, तेही "शेजारचे बदल" म्हणून वेगळे नोंदवतात. गिटनं गुपचूप जोडून दिलं असलं तरी माणसाची नजर तिथून गेली पाहिजे, म्हणून.

[०७:५०] आधीच धोका सांगणारा माणूस

याच्याही आधी एक पायरी आहे, लिनक्स-नेक्स्ट नावाची. २००८ पासून अनेक वर्षं ऑस्ट्रेलियातले स्टीफन रॉथवेल हे काम करत आले. कामाच्या प्रत्येक दिवशी शेकडो झाडं एकत्र मर्ज करून बघायची. वायफायचं, ग्राफिक्सचं, नेटवर्किंगचं, सगळ्यांचं. ते काही अंतिम मर्ज नसतात, रंगीत तालीम असते. कॉन्फ्लिक्ट आला की ते स्वतः सोडवून बघायचे आणि दोन्ही बाजूंना मेल पाठवायचे, "तुमचं आणि त्यांचं इथे आपटतंय, मी असं जोडलंय, बघून घ्या."

म्हणजे खरा मर्ज करायची वेळ येते तेव्हा कॉन्फ्लिक्ट कुठे आहे हे आधीच माहीत असतं. अचानक काही नाही. आणि ज्यानं तो कोड लिहिला त्याला बोलायची संधी मिळालेली असते.

इथे लिनसची एक सवय सांगते, आपल्या मनाच्या उलट आहे. आपल्याला वाटतं, वरिष्ठाकडे काम पाठवताना कॉन्फ्लिक्ट आपणच मिटवून, सगळं चकाचक करून पाठवावं. तो म्हणतो, तसं करू नका. केवळ कॉन्फ्लिक्ट लपवण्यासाठी माझं झाड तुमच्यात मर्ज करू नका. कॉन्फ्लिक्ट येणार आहे असं सांगा, तुम्ही कसा सोडवाल तेही सांगा, पण तो मला दिसू द्या. कारण कुठे कोण कोणाच्या पायात येतंय हे त्याला त्यातूनच कळतं. कॉन्फ्लिक्ट म्हणजे दोन माणसं एकाच जागी काम करतायत याची बातमी, असं म्हणा ना.

[०९:३०] कॉन्फ्लिक्ट न येणं जास्त धोक्याचं

पुन्हा लग्नघरात चला. यादीच्या पहिल्या पानावर काकांनी कार्यालय बदललं. नव्या कार्यालयाचा नियम असा, की जेवण त्यांचंच, बाहेरचा आचारी चालणार नाही. त्याच दिवशी आईनं तिसऱ्या पानावर लिहिलं, "आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला." दोन वेगळी पानं. एकमेकांना कुठेही लागत नाहीत. यादी अगदी छान जुळली. आणि लग्नाच्या दिवशी दारात दोन आचारी!

कोडमध्ये हेच होतं. समजा नेट-नेक्स्टमध्ये कोणीतरी एका फंक्शनचा अर्थ बदलला. आधी ते यशस्वी झालं की शून्य परत द्यायचं, आता किती बाइट लिहिले तो आकडा देतं. त्यानं प्रामाणिकपणे जुन्या सगळ्या जागा शोधून नीट केल्या. त्याच आठवड्यात "नेट" मध्ये एका दुरुस्तीत कोणीतरी तेच फंक्शन एका नव्या जागी वापरलं, जुन्या अर्थानं. "शून्य नसेल तर चूक झाली" असं धरून. दोन वेगळ्या फाइली. गिट म्हणतं, काही अडचण नाही. कंपायलर म्हणतो, काही अडचण नाही. आणि मर्ज झालेल्या कोडमध्ये प्रत्येक यशस्वी पॅकेट चूक समजून टाकून दिलं जातं.

फंक्शनला एक जास्तीचा पॅरामीटर लागला असता तर निदान कंपायलर ओरडला असता. म्हणून अनुभवी लोक अर्थ बदलताना मुद्दाम फंक्शनचं नावही बदलतात. मग जुन्या नावानं कोणी हाक मारली तर बिल्डच तुटतो. तुटणं बरं, गप्प बसणं वाईट.

नेटवर्किंगमधली आणखी एक खास जागा म्हणजे क्रमानं लिहिलेल्या याद्या. कर्नल आणि ॲप एकमेकांशी बोलताना प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो. नवी गोष्ट आली की यादीच्या शेवटी जोडायची. आता दोन फांद्यांवर दोघांनी शेवटी एकेक जोडली. दोघांनाही क्रमांक मिळाला ५७. कॉन्फ्लिक्ट येतो आणि आपण सहज म्हणतो, "दोन्ही ठेवू." बरोबर. पण वर कोण, खाली कोण? यातला एक ५७ जर लोकांपर्यंत पोचलेल्या आवृत्तीत आधीच गेला असेल, तर तो ५७ च राहिला पाहिजे, दुसऱ्यानं ५८ व्हायचं. उलटं केलंत तर जुनं ॲप ५७ मागेल आणि त्याला भलतंच काहीतरी मिळेल. दोन ओळींची अदलाबदल, बाकी काही नाही.

एका ओळीनं काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण २०१४ चं आहे. फेब्रुवारीत ॲपलनं आयओएस ७.०.६ घाईनं काढलं. कारण सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये "गोटू फेल" ही ओळ एकाच्या खाली एक अशी दोनदा आली होती. पहिली अटीवर चालायची, दुसरी बिनशर्त. त्यामुळे सही तपासायची खरी पायरीच वगळली जायची. ती जास्तीची ओळ मर्ज करताना आली का, यावर प्रोग्रामर मंडळी आजही वाद घालतात. पण ते बघून प्रत्येकाला आपला एखादा मर्ज आठवला, एवढं नक्की.

मलाही आठवला.

[१२:३०] माझा रविवार

मी एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पात काम करते. फाइल डाउनलोड करणारी एक लायब्ररी, काही ॲप्स ती वापरतात. पगार नाही, हौस. आमच्याकडेही दोन फांद्या. एक लोकांच्या वापरातली, एक नव्या कामाची.

एका कॉलेजच्या मुलानं वापरातल्या फांदीवर एक दुरुस्ती पाठवली होती. तो राहायचा तिथे नेटवर्क धड नाही. घरातून अंगणात गेलं की वायफाय सुटून मोबाइल डेटा लागायचा आणि आमचं डाउनलोड अर्ध्यावर लटकायचं. ना पुढे, ना मागे, ना चूक दाखवत. त्यानं चार रात्री बसून शोधलं. जुनं कनेक्शन मेलंय हे कोडला कळतच नव्हतं, ते वाट बघत बसायचं. त्यानं तीन ओळी घातल्या. नेटवर्क बदललं की जुनं कनेक्शन बंद करायचं, किती बाइट आले ते लक्षात ठेवायचं, तिथूनच पुन्हा सुरू करायचं. तीनच ओळी. पण त्या कुठे घालायच्या हे शोधायला चार रात्री.

मी त्या बघितल्या, छान म्हटलं आणि घेतल्या.

इकडे नव्या फांदीवर मी दोन महिने साफसफाई करत होते. मोठी फाइल फोडून तीन छोट्या केल्या होत्या. तो ज्या फंक्शनमध्ये शिरला होता ते फंक्शन मी दुसऱ्या फाइलमध्ये हलवलं होतं. आणि हलवताना थोडं बदललंही होतं.

रविवारी रात्री साडेअकराला मर्ज करायला बसले. सोमवारी ऑफिस. अकरा कॉन्फ्लिक्ट आले. आता बघा, अख्ख्या फाइलचं नाव बदललं तर गिट बहुतेक वेळा ओळखतं आणि दुसऱ्याचा बदल नव्या नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवतं. पण एक फंक्शन एका फाइलमधून उचलून दुसरीत ठेवलं तर त्याला ते कळत नाही. त्याला दिसतं एवढंच, की एका बाजूनं हा तुकडा बदलला आणि दुसऱ्या बाजूनं हा तुकडा काढून टाकला.

माझ्या स्क्रीनवर वरच्या अर्ध्यात त्याचं पूर्ण फंक्शन होतं. खालच्या अर्ध्यात काहीच नाही, रिकामं. मी मनात म्हटलं, "हे तर मी हलवलंय, इथलं नकोच आहे." आणि रिकामी बाजू घेतली. सातव्या कॉन्फ्लिक्टला बहुतेक. दहा सेकंदही लागले नाहीत.

माझं म्हणणं खोटं नव्हतं. फंक्शन तिथे नकोच होतं. पण वरच्या अर्ध्यात त्याच्या तीन नव्या ओळी होत्या, त्या नव्या फाइलमध्ये न्यायला हव्या होत्या. मूळ कागद समोर असता तर लगेच दिसलं असतं की यातल्या ह्या तीन ओळी नव्या आहेत. तो नव्हता. मी बघितलाच नाही.

बिल्ड झाला. टेस्ट पास झाल्या, कारण त्या तीन ओळींसाठी टेस्टच नव्हती. तीही मी मागितली नव्हती. नवी आवृत्ती बाहेर पडली.

तीन आठवड्यांनी त्याचा मेल आला. मला तो जवळपास पाठ आहे. "ताई, माझा कमिट लॉगमध्ये दिसतोय, पण कोडमध्ये माझ्या ओळी नाहीत. माझं काही चुकलं होतं का? म्हणजे काढल्या असतील तर कारण सांगा, मी सुधारतो."

पुढचं मला त्यानं नंतर फोनवर सांगितलं, तेही खूप विचारल्यावर. एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत त्यानं या कामाबद्दल सांगितलं होतं. समोरच्यांनी तिथेच लॅपटॉपवर आमची फाइल उघडली. म्हणाले, दाखव कुठे आहेत तुझ्या ओळी. त्यानं शोधल्या. नव्हत्या.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल.

[१६:००] गिटला का कळलं नाही?

तुम्ही म्हणाल, पुढच्या वेळी मर्ज करताना त्या ओळी पुन्हा आल्या असत्या की! नाही. हीच खरी मेख आहे, नीट ऐका.

मी मर्जचा कमिट केला तेव्हा गिटच्या लेखी दोन्ही फांद्यांचा सगळा इतिहास एकत्र आला. त्याचा कमिटसुद्धा त्यात आला. पुढचा मर्ज आता या जागेपासून पुढचेच बदल बघणार. त्याचा कमिट "आधीच घेतलेला" आहे. ओळी नसल्या तरी! म्हणून लॉगमध्ये त्याचं नाव दिसत होतं आणि कोडमध्ये काही नव्हतं. यादीत "डाळ आणली" अशी खूण झालीय, डबा मात्र रिकामा. खूण आहे म्हणून परत कोणी दुकानात जाणार नाही.

शिवाय लॉगमध्ये बदल बघायला गेलात तर मर्ज कमिटमधला फरक गिट मुळात दाखवतच नाही. वेगळं सांगावं लागतं. म्हणजे मी काय खाल्लं ते कुणालाही सहज दिसलं नसतं. त्यालाही आपल्या ओळी शोधायला गेला म्हणूनच दिसलं.

मी काय केलं? आधी त्याला लिहिलं की तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं. मग त्याच्या ओळी नव्या फाइलमध्ये त्याच्याच नावानं परत घातल्या. कमिटच्या संदेशात स्पष्ट लिहिलं की अमुक मर्जमध्ये मी ही दुरुस्ती चुकून घालवली होती. तो संदेश आता कायमचा तिथे आहे. त्यानं ती लिंक त्या कंपनीला पाठवली. नोकरी तिथे मिळाली नाही, ते वेगळं. पण निदान खोटं बोलणारा म्हणून त्याचं नाव राहिलं नाही.

[१७:५०] आता मी काय करते

नियम म्हणून सांगत नाही, सवयी सांगते.

एक. मूळ कागद बघितल्याशिवाय कॉन्फ्लिक्टला हात लावत नाही. डिफ-थ्री कायमचं चालू.

दोन. "आमचं घ्या" किंवा "त्यांचं घ्या" असं डोळे मिटून करत नाही. प्रत्येक बाजूला विचारते, तुला काय करायचं होतं? त्यासाठी दोन्ही बाजूंचे कमिट उघडून वाचते. गिट लॉगला "मर्ज" असा पर्याय दिला की अडकलेल्या फाइलींना हात लावणारे दोन्हीकडचे कमिट तेवढेच दिसतात. आणि एक बाजू रिकामी दिसली की मी आता घाबरतेच. रिकामी बाजू म्हणजे काहीतरी हललंय किंवा मेलंय. कुठे गेलं ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तीन. कोड हलवायचा असेल तर एका कमिटमध्ये फक्त हलवते. बदल पुढच्या कमिटमध्ये. दोन्ही एकत्र केलं की कोणालाच धड दिसत नाही.

चार. मर्ज झाल्यावर "रीमर्ज-डिफ" बघते. गिटच्या २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आवृत्तीपासून हा पर्याय आहे. तो तोच मर्ज स्वतः पुन्हा करून बघतो आणि माणसानं हातानं काय केलं तेवढंच दाखवतो. माझ्या त्या रविवारी हा लावला असता तर अख्खं फंक्शन लाल रंगात दिसलं असतं.

पाच. दुरुस्ती आली की टेस्ट मागते. मोठी नको, एक चालेल. मर्ज करणारा माणूस झोपेत असला तरी टेस्ट जागी असते.

सहा. दर आठवड्याला मर्ज. कर्नलवाल्यांचा गुरुवार, आमचा शनिवार सकाळ. रात्री साडेअकरा कधीच नाही.

आणि "रिरीरी" बद्दल एक सूचना. गिटची ही सोय तुम्ही कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला ते लक्षात ठेवते आणि पुन्हा तसाच आला की आपोआप तसाच सोडवते. फार उपयोगी. पण चुकीचा सोडवलात तर चूकही तितक्याच इमानदारीनं लक्षात ठेवते. तेव्हा मर्ज रद्द करून पुन्हा करत असाल तर आधी ती आठवण पुसा.

शेवटची सवय सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. ज्याचा कोड आहे त्याला विचारायचं. "अरे, तुझं हे आणि माझं ते आपटतंय, मी असं जोडलंय, बघतोस का?" दोन ओळींचा मेसेज. स्टीफन रॉथवेलनी इतकी वर्षं हेच केलं. मशीनला ओळी जुळवता येतात. त्या ओळी कोणी कशासाठी लिहिल्या, हे माणसालाच माहीत असतं.

[२०:१०]

तो मुलगा आता आमच्या प्रकल्पात मर्ज करायचा अधिकार असलेल्या चौघांपैकी एक आहे. मागच्या महिन्यात माझ्याच एका मोठ्या बदलाचा मर्ज त्यानं केला. कॉन्फ्लिक्ट एकच होता. रात्री मेसेज आला, "ताई, तुमच्या दोन ओळी मी नव्या फाइलमध्ये नेल्यात. एकदा बघून घ्या, मगच पुश करतो."

मी बघितल्या. होत्या, दोन्ही.

तर मंडळी, आज-उद्या कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये, नाहीतर पहिल्या नोकरीत, तुमच्यासमोर त्या बाणांच्या खुणा येतीलच. तेव्हा पटकन एक बाजू निवडायच्या आधी थांबा. दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी चार रात्री असू शकतात.

भाग आवडला तर ज्याच्याबरोबर कोड लिहिता त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या आणि मर्ज दिवसाउजेडी करा!